वाचनालयाचे सहा संगणक: परवाने, पावत्या आणि पोहोच (प्रकल्प नोंदी)

8 सप्टेंबर 2025, सोमवार

गणपतीच्या गडबडीत मागे पडलेलं काम आज हातात घेतलं. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबरला संपतोय. त्या दिवशी संगणक बंद पडणार नाहीत, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबेल. आमच्या हॉलमधल्या संगणकांवर मुलं रोज स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरतात, आधार क्रमांक टाकतात, फी भरतात. घरच्या संगणकाचं एक वेळ चालून जाईल, इथे दुसऱ्याची माहिती आपल्या भरवशावर असते. म्हणून हे काम तारखेच्या आत व्हायला हवं.

कार्यकारी मंडळाने 60,000 रुपयांपर्यंत खर्चाला मान्यता दिली आहे. वाचनालय कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, त्यामुळे प्रत्येक खरेदीत वाहतुकीचा प्रश्न येतोच. तो या वेळी आधीच हिशेबात धरायचा.

आज मोजदाद केली. क्र. 1 हिशेबाचा संगणक, 2019 चा, नवव्या पिढीचा इंटेल आय-थ्री प्रोसेसर. क्र. 2 ग्रंथपाल मॅडमचा, 2012 चा, मधूनच बंद पडतो. क्र. 3, 4, 5 हॉलमधले, 2014 साली जोडून घेतलेले, चौथ्या पिढीचे, चार जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. क्र. 6 एका सभासदाने भेट दिलेला लॅपटॉप, सातव्या पिढीचा.

विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते (सातव्या पिढीतले मोजके अपवाद आहेत, आमचा त्यात नाही), शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि किमान चार जीबी रॅम. म्हणजे सहापैकी एकच संगणक बसतो.

11 सप्टेंबर, गुरुवार

आज प्रत्येक संगणकावर कोणता परवाना आहे ते तपासलं. कमांडच्या खिडकीत ‘एसएलएमजीआर’ ही आज्ञा, एक जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘डीएलआय’ असं टाकलं की छोटी चौकट उघडते. तिच्यात परवान्याचा प्रकार लिहिलेला असतो.

क्र. 1 आणि क्र. 6 वर ‘ओईएम’ आलं. म्हणजे कंपनीने यंत्रासोबत दिलेला परवाना. त्याची किल्ली, म्हणजे विंडोज चालू करायचा अक्षर-आकड्यांचा क्रम, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते, त्यामुळे विंडोज पुन्हा टाकताना ती कोणी विचारतही नाही. क्र. 2 वर विंडोज 7 चं मूळ स्टिकर आहे, तोही ओईएमच.

हॉलमधल्या तिन्ही संगणकांवर ‘व्हॉल्यूम, केएमएस क्लायंट’ असं आलं. मी दोनदा वाचलं. केएमएस ही मोठ्या संस्थांसाठीची व्यवस्था असते. संस्थेचा स्वतःचा सर्व्हर असतो आणि त्यातल्या प्रत्येक संगणकाला 180 दिवसांच्या आत त्या सर्व्हरकडे हजेरी लावावी लागते. आमच्याकडे असा सर्व्हर कधीच नव्हता. म्हणजे कोणीतरी बनावट हजेरी लावणारं साधन टाकून तिन्ही संगणक ‘ॲक्टिव्ह’ करून दिले होते.

जुनी फाइल काढली. 2018 ची पावती सापडली: ‘विंडोज 10 इन्स्टॉलेशन, 3 नग, 1,500 रुपये’. ही मजुरीची पावती आहे. परवाना आम्ही विकत घेतलाच नव्हता. घेतला असं मात्र सात वर्षं धरून चाललो होतो.

फार वाईट वाटलं. वाचनालयात चोरीचं पुस्तक आलं तर आपण ते कपाटात ठेवत नाही. शिक्का बघतो, चौकशी करतो, परत करतो. इथे डोळ्यांसमोर तीन नग होते आणि कोणी बघितलं नाही. मी गेली चार वर्षं मंडळावर आहे, मीही बघितलं नाही.

14 सप्टेंबर, रविवार

मंडळाची बैठक. दीड तास याच विषयावर. वर्तमानपत्रांच्या वर्गणीचा विषय पुढच्या बैठकीवर गेला, त्याबद्दल कार्यवाह थोडे नाराज होते, पण बैठक कामाची झाली. जे प्रश्न आले ते बहुतेक वाचनालयांत येणारच, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो.

कोषाध्यक्ष सरांनी विचारलं, “2012 साली क्र. 2 चे पैसे भरलेत ना? मग तोच परवाना नव्या मशिनवर टाका.” तसं होत नाही. ओईएम परवाना ज्या यंत्रासोबत आला त्याच यंत्राचा. यंत्र भंगारात गेलं की परवानाही गेला. खोक्यातून वेगळा मिळतो तो रिटेल परवाना. तो जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो, एका वेळी एकाच यंत्रावर. ओईएम स्वस्त आणि रिटेल महाग असण्याचं एक मोठं कारण हेच.

दुसरा प्रश्न व्हॉल्यूमचा, म्हणजे संस्थांना एकत्रित मिळणाऱ्या परवान्याचा. एका विक्रेत्याने फोनवर सांगितलं होतं की संस्था आहे तर व्हॉल्यूममध्ये घ्या, स्वस्त पडेल. विंडोजचा व्हॉल्यूम परवाना हा अपग्रेडचा परवाना असतो. त्याच्याखाली त्या यंत्राचा मूळ खरा परवाना असावा लागतो. आमच्या हॉलमधल्या संगणकांना मूळ परवानाच नाही. पाया नसताना माडी बांधल्यासारखं झालं असतं, आणि पावती मात्र खरी मिळाली असती. विक्रेत्याने हे सांगितलं नाही. त्याला माहीत नसावं असं धरून चालतो.

तिसरी सूचना एका सदस्यांची: ऑनलाइन पाचशे रुपयांच्या आत किल्ली मिळते, ‘लाइफटाइम’, पाच मिनिटांत ईमेलवर येते. अशा किल्ल्या बहुधा कुठल्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूम कराराच्या किंवा मोडीत निघालेल्या यंत्रांच्या असतात. चालतात, आणि मूळ किल्ली रद्द झाली की थांबतात. विकणाऱ्याकडून वाचनालयाच्या नावाचं जीएसटी बिल मागून बघा, असं मी सुचवलं. त्यांनी तिथेच मोबाइलवरून मागितलं. उत्तर आलं नाही. विषय मिटला.

होम की प्रो हाही प्रश्न निघाला. ‘होम’ नावामुळे ते संस्थेत चालत नाही असा समज होता. विंडोज होम संस्थेत वापरायला परवान्यात मनाई नाही. घरगुती वापरापुरतं असं बंधन असायचं ते ‘ऑफिस होम अँड स्टुडंट’ या वेगळ्या सॉफ्टवेअरला, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. प्रोमध्ये दुरून संगणक चालवणं, संस्थेच्या डोमेनला (सामाईक व्यवस्थेला) जोडणं, डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर, सगळीकडे एकसारखे नियम लावणारी ग्रुप पॉलिसी हे जास्तीचं मिळतं. एका खोलीतल्या दोन संगणकांना त्यातलं फारसं लागत नाही.

आणि जुनंच विंडोज 10 पुढे चालवायचं तर? जादा मुदतीच्या सुरक्षा दुरुस्त्या विकत मिळतात. घरगुती योजना वेगळी आहे, ती एकाच वर्षाची. संस्थांसाठी दर संगणकामागे पहिल्या वर्षाला 61 डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट. तीन वर्षांचे 427 डॉलर. त्यात नवा संगणक येतो.

ठराव असा झाला. क्र. 1 ला विंडोज 11 चं मोफत अपग्रेड. क्र. 2 च्या जागी नवा संगणक, ओईएम विंडोजसह. हॉलमधले तिन्ही आणि लॅपटॉप लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त प्रणालीवर.

20 सप्टेंबर, शनिवार

परवापासून (22 तारखेपासून) जीएसटीचे नवे दर लागू होत आहेत, म्हणून थांबलेलो. बघितलं तर संगणक आणि सॉफ्टवेअर आधीही 18 टक्क्यांत, पुढेही 18 टक्क्यांतच. थांबून काही फायदा नव्हता. दरपत्रकं मागवली.

26 सप्टेंबर, शुक्रवार

दरपत्रकं आली. यातली आकडेमोड सगळी लिहितो, कारण खरं शिकायला इथेच मिळालं.

आधी एक तुलना. तोच संगणक ‘डॉस’ म्हणून, म्हणजे विंडोजशिवाय, 30,000 रुपये आणि विंडोज 11 होमचं रिटेल खोकं 9,500 रुपये. एकूण 39,500. तोच संगणक ओईएम विंडोज 11 होमसह 36,500. फरक 3,000 रुपयांचा, करासह 3,540. रिटेलचा फायदा एवढाच की उद्या यंत्र बदललं तर परवाना सोबत नेता येईल. पण आमच्याकडे यंत्र तेरा वर्षं वापरलं जातं. तेरा वर्षांनी आजचं विंडोज 11 घेऊन आम्ही कुठे जाणार? ओईएम पक्कं.

आता दोन विक्रेते. पुण्याचा दर 35,900, ‘वाहतूक वेगळी’. कोल्हापूरचा दर 36,500, वाचनालयात आणून देण्यासह. सहाशे रुपयांनी पुणे स्वस्त दिसतं. वाहतूक विचारली तर 850 रुपये, कारण आमचं गाव कुरिअरवाल्यांच्या ‘ओडीए’ यादीत आहे. नेहमीच्या वाटपक्षेत्राबाहेरचं गाव, म्हणून जादा आकार. आणि विक्रेता वस्तूसोबत बिलात वाहतूक लावतो तेव्हा तीही करपात्र मूल्यात धरली जाते, म्हणजे तिच्यावरही 18 टक्के.

पुणे: 36,750 वर कर 6,615, एकूण 43,365 रुपये.
कोल्हापूर: 36,500 वर कर 6,570, एकूण 43,070 रुपये.

सहाशेने स्वस्त दिसणारं दरपत्रक दाराशी येईपर्यंत 295 रुपयांनी महाग झालं. व्यापारी असते तर कराची वजावट मिळाली असती. वाचनालयाची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे कर हा आमचा सरळ खर्च. सार्वजनिक संस्थांनी दरपत्रक मागवतानाच ‘करासह, वाचनालयात पोहोच’ असं लिहून मागवावं. आम्ही मागच्या वेळी ते लिहिलं नव्हतं.

3 ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसऱ्याला कोल्हापूरच्या विक्रेत्याला मागणीपत्र दिलं. नवा संगणक दिवाळीनंतर मिळेल म्हणाले. हॉलच्या संगणकांसाठी तीन एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्क) आणि जुन्या प्रकारच्या रॅमच्या तीन पट्ट्या, मिळून करासह 7,200 रुपये, आज एसटीच्या पार्सलने आल्या. भाडं आणि हमाली 140 रुपये. सकाळच्या गाडीला टाकलं, दुपारी स्टँडवर जाऊन उतरवून घेतलं. कुरिअरने हेच तीन दिवसांनी आलं असतं.

9 ऑक्टोबर, गुरुवार

हॉलचे तिन्ही संगणक झाले. लिनक्स मिंट 22, हलकी ‘एक्सएफसीई’ आवृत्ती. 2029 पर्यंत दुरुस्त्या मिळतील. उतरवायची फाइल तीन जीबीच्या आसपास, एकदाच उतरवली आणि पेनड्राइव्हवरून तिन्हीकडे टाकली. उतरवलेल्या फाइलची बेरीज, म्हणजे तो लांबलचक चेकसम, संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवून बघितला. हे पाच मिनिटांचं काम कोणी टाळू नये.

अकरा वर्षांच्या यंत्रांनी अर्ध्या मिनिटात पडदा दाखवला. आधी चार मिनिटं लागायची. यात मोठा वाटा एसएसडीचा आहे, हे प्रामाणिकपणे लिहितो.

परवान्याचं काय, असं कोषाध्यक्ष सरांनी विचारलं. मराठीत हे सांगणं सोपं जातं, कारण आपल्याकडे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत. लिनक्सचा गाभा जीपीएल परवान्यावर आहे. वापरा, अभ्यासा, बदला, दुसऱ्याला द्या. देताना हेच हक्क पुढच्यालाही द्या, ही अट. म्हणजे परवाना आहे आणि अटीही आहेत. किंमत शून्य असली तरी तो बिनपरवाना माल नव्हे.

बोलता बोलता आठवण निघाली. 2008 साली मी कोल्हापूरला शिकत असताना उबुंटूची सीडी टपालाने घरी आली होती. नाव-पत्ता कळवायचा, काही आठवड्यांनी पाकीट यायचं, टपालखर्चही पाठवणाऱ्यांचाच. ‘शिपइट’ नावाची ती योजना 2005 ते 2011 चालली. आमच्या गावात तेव्हा सातशे एमबी उतरवायची सोय कोणाकडेच नव्हती. त्या सीडीवरून आठ-दहा मित्रांच्या संगणकांवर लिनक्स चढलं. ती सीडी माझ्याकडे अजून आहे, आज मुलांना दाखवायला आणली होती.

ग्रंथालयाची सूची ‘ई-ग्रंथालय’ 4.0 वर ब्राउझरमधून चालते, त्यामुळे तिला काही फरक पडला नाही. मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि ‘कागापा’ हे ध्वन्यात्मक असे दोन कळफलक ठेवले. लिब्रे ऑफिसचे मेनू मराठीत केले. एका मुलीने ‘फाइल जतन करा’ वाचलं आणि म्हणाली, “सर, हे आपल्याच भाषेत आहे की.”

14 ऑक्टोबर, मंगळवार

शेवटची तारीख. क्र. 1 चं अपग्रेड आज केलं. सुरुवातीला ‘हा संगणक पात्र नाही’ असं आलं, कारण टीपीएम बंद होतं. नवव्या पिढीच्या इंटेलमध्ये ते आतच असतं, बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘पीटीटी’ नावाने. सुरू केलं, पुन्हा तपासलं, पात्र. टॅलीची राखीव प्रत आधीच दोन ठिकाणी घेऊन ठेवली होती. अडीच तास गेले, सगळं जागेवर आहे.

मायक्रोसॉफ्टचं खातं वाचनालयाच्या नावाने नवीन उघडलं. पूर्वीचं एका माजी पदाधिकाऱ्यांच्या वैयक्तिक ईमेलवर होतं. त्यात त्यांचा दोष नाही, तेव्हा वाचनालयाला ईमेलच नव्हता. पासवर्ड पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवला, पाकिटावर कार्यवाह आणि कोषाध्यक्ष दोघांच्या सह्या.

15 ऑक्टोबर, बुधवार

वाचन प्रेरणा दिन. हायस्कूलची चाळीस मुलं आली होती. तिन्ही संगणक दिवसभर चालू होते. नोंद एवढीच.

29 ऑक्टोबर, बुधवार

नवा संगणक आला, टेम्पोवाल्याने खोकं पहिल्या मजल्यावर चढवूनही दिलं. विंडोज पाच मिनिटांत ॲक्टिव्ह. ‘डीएलआय’ करून बघितलं, ओईएम.

पण बिल माझ्या नावाने आलं. मागणीपत्र वाचनालयाच्या लेटरहेडवर होतं, फोनवर बोललो मी, म्हणून त्यांनी माझं नाव घातलं. बिलात ‘कॉम्प्युटर सेट 1’ एवढंच लिहिलेलं, विंडोजचा उल्लेख नाही. दोन्ही गोष्टी परत पाठवल्या. नवं बिल दोन दिवसांत मिळेल, तोपर्यंत चेक द्यायचा नाही असं ठरलं. लेखापरीक्षणात वस्तू दाखवता येते, परवाना दाखवायला बिलाची ओळच असते. 2018 च्या पावतीने तेवढं शिकवलं आहे.

1 नोव्हेंबर, शनिवार

सुधारित बिल मिळालं, चेक दिला. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करताना ग्रंथपाल मॅडम थांबल्या. परवाना कुठे लिहायचा? त्याला नग नाही, वजन नाही, कपाटात ठेवता येत नाही. शेवटी संगणकाच्याच नोंदीत लिहिलं: ‘विंडोज 11 होम, ओईएम, या यंत्रासोबतच, वेगळा हस्तांतरणीय नाही, बिल क्र. अमुक’. यंत्र निर्लेखित होईल, म्हणजे नोंदीतून कमी होईल, तेव्हा परवानाही त्याच ओळीत निर्लेखित होईल. हॉलच्या तिन्ही नोंदींसमोर ‘लिनक्स मिंट 22, मुक्त परवाना, मूल्य शून्य’. आणि जुन्या विंडोजबद्दल: ‘परवाना आढळला नाही, 9-10-2025 रोजी काढून टाकले’. हे वाक्य लिहू नये असं एका सदस्यांचं मत होतं. मी लिहा म्हटलं. मॅडमनी लिहिलं.

17 नोव्हेंबर, सोमवार

दोन अडचणी. एक छोटी: हॉलमधला जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर नीट चालेना, चार पानांनंतर अडकायचा. तो क्र. 1 ला जोडला, मुलांनी पीडीएफ तिथे द्यायची. नवा प्रिंटर घेतला नाही.

दुसरी मोठी. 2004 साली पोथ्या आणि जुन्या मासिकांची यादी टंकलिखित झाली होती, त्या काळच्या एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये. ते चालवायला मागच्या मोठ्या पोर्टमध्ये डोंगल, म्हणजे कुलपासारखं काम करणारं छोटं उपकरण, खुपसावं लागतं. परवाना कागदावर नाही, त्या कुलपात. नव्या संगणकाला तसा पोर्टच नाही. फॉन्ट लावून यादी दिसते, पण अक्षरं युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीतली, नाहीत. ‘किरण’ शोधलं तर सापडत नाही, कारण आतमध्ये इंग्रजी चिन्हं आहेत.

रूपांतर सुरू केलं आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचंही तसंच उलटसुलट. साधं शोधा-बदला करून ‘निसर्ग’चा ‘न’ कुठे आणि वेलांटी कुठे असं होतं. प्रत्येक पान नजरेखालून घालावं लागतंय. ग्रंथपाल मॅडम आणि दोन निवृत्त शिक्षक रोज तासभर बसतात. 212 पैकी 31 पानं झाली. जुना क्र. 2 तोवर जपायचा, इंटरनेटपासून तोडून ठेवला आहे.

6 डिसेंबर, शनिवार

हिशेब बंद. नवा संगणक 43,070, एसएसडी आणि रॅम 7,200, एसटी पार्सल 140, दोन पेनड्राइव्ह 700. एकूण 51,110 रुपये. शिल्लक 8,890. यादीची 88 पानं झाली.

बारावीतला एक मुलगा आज विचारत होता, घरचा जुना संगणक आहे, हे लिनक्स मला घरी नेता येईल का. परवान्यानुसार नेता येतं. मॅडमनी दुसऱ्या पेनड्राइव्हला चिठ्ठी चिकटवली, दाखल क्रमांक दिला आणि देवघेवीच्या वहीत पुस्तकासारखीच नोंद केली: सात दिवस, परत करण्याची तारीख 13 डिसेंबर.